शाल, श्रीफळ आणि नेग्लेरिया

आमच्या विभागात अमीबाची एकच स्लाइड होती. रंग उडालेली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात एक हवेचा बुडबुडा दिसायचा आणि शेजारी गुलाबी डाग. परीक्षेत मुलं त्या बुडबुड्याकडे बघायची, पुस्तकातली आकृती काढायची आणि पास व्हायची. सरही असेच पास होत होत विभागप्रमुख झाले होते. माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक हेच. नशीब माझं, दुसरं काय.

मी जळगावातल्या कूलरच्या टाक्या आणि केळीच्या ठिबकचे फिल्टर खरवडून त्यातले अमीबा वाढवायची. त्यात दोन जाती मुख्य, अकँथअमीबा आणि नेग्लेरिया. दोन्ही अंग पुढं ढकलत सरपटतात, म्हणून जुन्या पुस्तकांनी त्यांना एकाच घरात कोंबलेलं. जनुकं जुळवून पाहिली की सगळं उलटं निघतं. नेग्लेरिया हा शेपटीने पोहणाऱ्या युग्लिनाचा भाऊबंद, आणि अकँथअमीबा त्याच्यापेक्षा आपल्याला, माणसांना, जवळचा. आमच्याकडे पाचोऱ्याचे आणि चोपड्याचे एका आडनावाचे लोक कूळ वेगळं असलं तर खुशाल सोयरीक करतात. सरांनी स्वतःच्या मुलीचं जमवताना हे नीट तपासलं होतं. अमीबाच्या बाबतीत मात्र, सरपटतो ना, मग अमीबा. विषय संपला.

"दोन्ही एकाच गटात टाक," सर म्हणाले. "नाहीतर समिती प्रबंध सादर करू देणार नाही."

मी म्हटलं, समितीला दाखवतेच. नेग्लेरियाचं खाणं काढून त्याला डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं की तास-दीड तासात त्याला दोन शेपट्या फुटतात आणि तो चक्क पोहायला लागतो. अकँथअमीबा जन्मात असं करत नाही. समितीचे तज्ज्ञ धुळ्याहून अकराला येणार होते. त्या बेताने मी सकाळी पाणी घातलं.

तज्ज्ञ आले आणि सत्कार सुरू झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ. सरांचं प्रास्ताविक, त्यात विज्ञान सोडून सगळं. मग पाहुण्यांचं मनोगत, ते त्यांच्या बालवाडीपासून. मी मधेच जाऊन पाहून आले, नेग्लेरिया मस्त पोहत होते. सरांच्या कानात सांगितलं, आधी तेवढं बघून घ्या.

"पाहुण्यांचं जेवण तर होऊ दे. अमीबा काय पळून चालला का?"

चाललाच होता. पण शेवभाजीपुढे कोण ऐकतो?

त्या शेपट्या कायमच्या नसतात. मंडळी बडीशेप चघळत प्रयोगशाळेत आली तोवर एकूण एक नेग्लेरिया शेपट्या गिळून पुन्हा सरपटायला लागला होता. तज्ज्ञांनी एक डोळा लावला, तोही उभ्याउभ्या. "मॅडम, हा तर अमीबाच आहे."

मी म्हटलं, दीड तास बसा, नवीन थेंब लावते. त्यांना धुळ्याची गाडी गाठायची होती. दोन्ही एका गटात घ्यावेत, तरच प्रबंध स्वीकारावा, असा शेरा मारून ते शालीसकट निघून गेले. पाच वर्षांचं काम एका ढेकरेत निकालात काढलं. मला रडू आलं, आणि या लोकांपुढे आलं याचा जास्त संताप आला.

सर मागेच रेंगाळले होते. कोणी बघत नाही असं वाटून ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मग विभागात चुकूनही अहिराणी न बोलणारा तो माणूस पुटपुटला, "हाई ते हाली ऱ्हायनं."

उभी नोकरी अमीबा शिकवण्यात गेली, आणि तो हलतो हे साहेबांना त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला. आजही माझ्या नावामागे डॉक्टर नाही. मार्गदर्शक म्हणून असल्या माणसाची सही मला माझ्या कामाखाली नको होती.