गजरा माळताना सुटलेला अंबाडा

मुलांनो, परवा धाकटीने व्हिडिओ कॉलवर विचारले, "आजी, नाचताना माझा अंबाडा सुटतो. तुझा कसा गं सुटत नाही?" मी "सवयीने जमतं" म्हणून विषय बदलला. ते खरे नव्हते. म्हणून हे लिहिते आहे.

माझे केस धाकटीसारखेच, बारीक आणि सरळ. कितीही पिना लावल्या तरी तासाभरात अंबाडा मानेवर यायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, पुढे मुख्याध्यापिका झाले. घसरलेला अंबाडा मला चालण्यासारखा नव्हता. म्हणून तुमच्या आजोबांच्या जुन्या काळ्या मोज्याची गुंडाळी करून मी ती आत घालत असे. अंबाडा भरदार दिसे. घराबाहेर हे कुणालाही माहीत नव्हते.

तुमचे बाबा कॉलेजात होते, त्या वर्षी चिखलीतल्या आमच्या शेजारणीकडे नवी सून आली. माहेर अमडापूरचे, शेतकऱ्याचे. तिच्या पहिल्या संक्रांतीचे हळदीकुंकू होते. काळी साडी, हलव्याचे दागिने घालून ती एकेकीला कुंकू लावत होती, वाण देत होती, गजरा माळत होती. सासू जवळच बसून सुनेचे प्रत्येक काम बघत होती.

माझी पाळी आली. गजऱ्याची पिन तिने अंबाड्यात खोचली, ती केसांत न जाता मोज्यात रुतली. तिने पिन सोडवायला जराशी ओढली आणि मोजा तिच्या हातात आला. माझे केस पाठीवर मोकळे झाले.

वीसेक बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "अगं, किती जोरात ओढतेस! केस आहेत की दोरखंड?"

"हाताले काही वळण हाय का नाही वं तुह्या?" सासू सगळ्यांदेखत कडाडली. "येवढ्या मोठ्या मॅडम, अन् त्यायचे केस ओढून राह्यली! मायनं हेच शिकवलं काय?"

सुनेने नुसता हात उघडून दाखवला असता तर ती सुटली असती. तिने मोजा पदराखाली घेतला आणि म्हणाली, "चुकलं माहं. मॅडम, आत चला, आरसा तिकडं हाय."

आतल्या खोलीत तिने माझे केस हातात घेतले. "डोकं आजच धुतलं काय मॅडम? धुतल्या केसात पिन थांबत नाही. आदल्या दिवशी धुवावं. माहे बी असेच हायेत."

तिने आधी केस घट्ट बांधले, मग वेणी घातली आणि त्या वेणीचा वेढा दिला. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवली. कडेचे थोडे केस पिनेवर घेऊन पिन उलटी वळवली आणि आत सरकवली. चारच पिना लागल्या. धाकटे, तूही असेच कर.

मोजा तिने घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. मी बाहेर आले. कुणीतरी म्हणाले, "मॅडमचा अंबाडा पाहा, हलत नाही!" मी हसले. सासू अजून कोपऱ्यात पुटपुटत होती. त्या वेळी एक वाक्य बोलणे पुरेसे होते. शाळेत खोटे बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभे करत असे.

तेव्हापासून माझा अंबाडा सुटलेला नाही. तिच्या सासूबाई काही वर्षांपूर्वी वारल्या. ज्यांच्यासमोर बोलायचे होते त्याच गेल्या.

धाकटीशी खोटे बोलले त्याच संध्याकाळी मी शेजारी गेले आणि त्या सुनेसमोर सगळे कबूल केले. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागले आहेत. ती हसली, म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम, किती वर्सं झाली." चहा ठेवायला उठली आणि पाठमोरीच पुढे बोलली, "फक्त तवापासून सासूबाईनं मले कोणाले गजरा माळू देल्ला नाही. दर संक्रांतीले त्याच माळत. मी नुसती तबक धरून उभी."

मी दर वर्षी तिथे जात होते. तबक तिच्या हातात असे, हे मी पाहिलेही होते. ते का, हा प्रश्न मला कधी पडला नाही.