दोन्ही बाजूंचा साक्षीदार

निपाणीच्या एका पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, मी लॉजिक शिकवते. मुलं हा विषय आवडीनं घेतात, पण त्या आवडीचा तर्काशी काडीचाही संबंध नसतो. पुस्तक बारीक आहे आणि व्याख्या पाठ केल्या की मार्क पडतात, असं आधीच्या बॅचनं त्यांना सांगितलेलं असतं. तर्कदोषांचा धडा मी दरवर्षी शिकवते. तो पाठ करून पास झालेली मुलं पुढं कुठल्या तरी बुवाच्या नादी लागतात, नाहीतर कुठल्या तरी साहेबाच्या, आणि मोबाईलवर आलेलं सगळं खरं मानून पुढं ढकलतात. तेव्हा माझ्या विषयाच्या ताकदीबद्दल माझा काही गैरसमज नाही. तरीपण आमच्याच घरात तो इतका तुडवला जाईल, असं मला वाटलं नव्हतं.

माझ्या थोरल्या दिरांना घरात आणि सगळ्या गल्लीत आप्पा म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायची भारी हौस. शाळेपासूनचा त्यांचा एक दोस्त होता. वडगावात त्या दोस्तांचे पॉवरलूम होते, साड्या विणायचे. माणूस अगदी कमी बोलणारा. शाहापुरात आमच्याकडं आले की बाहेरच्या खोलीत बसून चहा घ्यायचे, आप्पांचं सगळं ऐकून घ्यायचे आणि ‘व्हय, व्हय’ करत घरी जायचे. आप्पांना असा दोस्त दुसरा मिळाला नसता.

बोरगावात कुणीतरी जुने माग विकतोय असं दोस्तांच्या कानावर आलं. ते बघायला निघाले आणि सोबतीला आप्पांना घेतलं. माग काही पसंत पडले नाहीत. परत येताना, दिवस मावळायच्या सुमारास, तवंदीच्या घाटात एक बंद पडलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा होता. मागं ना दगड लावलेले, ना झाडाची फांदी. दोस्तांनी गाडी डावीकडं ओढली, तरी उजवी बाजू ट्रकच्या कोपऱ्यावर बसली. ते जागीच गेले. आप्पांचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि कपाळाला टाके पडले.

मी रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला जाते. पुढं कित्येक दिवस त्या वळणावर काचांचा चुरा चमकत असायचा.

दवाखान्यात आम्ही आप्पांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या तोंडी देवाचं नाव नव्हतं. पोरासारखे रडत होते. ‘माझ्या देखत गेला गं. बोलता बोलता गेला,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली, तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रांग लागली. येणारा प्रत्येकजण मोसंबी नाहीतर बिस्किटाचा पुडा ठेवायचा आणि म्हणायचा, ‘देवानं वाचवलं बघा.’ पहिल्यांदा आप्पा नुसती मान हलवायचे. मग तेच वाक्य ते स्वतः म्हणू लागले. खांद्याचा पट्टा निघेपर्यंत त्या वाक्याचा पुरता सिद्धांत झाला होता. सत्यनारायण घातला, त्या दिवशी प्रसादाला बसलेल्या मंडळींसमोर त्यांनी तो मांडला.

‘गाडीचा चेंदामेंदा झालता. आणि मी जिवंत. ह्याचा अर्थ काय? वर कोणतरी बघायलाय. ह्याच्यापरीस मोठा पुरावा आणि कसला पायजे?’

सगळे माना डोलवत होते. मी वाढत होते. मला गप्प बसता आलं नाही.

‘आप्पा, तुम्ही वाचलासा म्हणून देव आहे. मग शेजारी बसलेले गेले, त्यावरनं काय म्हणायचं?’

‘त्याची वेळ आलती.’

‘आणि तुमची?’

‘माझी आली न्हवती.’

‘मग वेळेनं वाचवलं म्हणा.’

‘वेळ कोण ठरवतंय?’

‘तुम्हीच सांगा.’

‘देव.’

‘तो आहे हेच तर तुम्हाला सिद्ध करायचं होतं.’

आप्पांनी शिऱ्याचा घास घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाले, ‘श्रद्धेला तर्क लागत न्हाय. तुझं ते कॉलेजात शिकव.’

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या वाक्याची. श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. माझी आई येळ्ळूरच्या आमच्या घरात रोज देवापुढं दिवा लावायची आणि त्यासाठी तिला कधी कुणाला काही सिद्ध करून दाखवावं लागलं नाही. पण ही मंडळी ‘पुरावा’, ‘सिद्ध’, ‘अर्थ काय?’ असे शब्द वापरत ऐटीत मैदानात उतरतात आणि पहिल्याच प्रश्नाला मैदान सोडून देवघरात जाऊन बसतात. तर्क जिंकत असला तर तर्क, हरत असला तर श्रद्धा. असा खेळ माझ्या वर्गातलं सगळ्यात उनाड पोरगंसुद्धा खेळत नाही. ते निदान उत्तर येत नाही म्हणून कबूल करतं.

आप्पांना मग बोलावणी येऊ लागली. आधी ज्येष्ठांच्या मंडळात, मग भजनाच्या कार्यक्रमात, मग गणपतीच्या स्टेजवर. दर खेपेला हकिगतीला नवं पान फुटायचं. गाडीत काचेपुढं एक लहानसा गणपती चिकटवलेला होता, तो फुटला नाही, ही गोष्ट खरी होती. तो आप्पांच्या भाषणात आला. पुढच्या भाषणात, येताना वाटेत एका देवळाशी गाडी थांबल्याचं आलं. त्याच्या पुढच्या भाषणात आप्पा एकटेच दर्शनाला उतरले आणि दोस्त ‘उशीर होतोय, तू जाऊन ये’ म्हणत गाडीतच बसून राहिले. यातून काय समजायचं ते आप्पा सांगत नसत. ते तिथं थोडं थांबत, आणि समोरचे लोक चुकचुकत.

याला उत्तर द्यायला आमच्या घरातूनच दुसरे एक शहाणे पुढं आले. माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ, कोर्टात वकिली करतात आणि उरलेल्या वेळात लोकांना विवेक शिकवतात. देव नाही, हे त्यांचं मत. मत असायला हरकत नाही. पण मांडणी अशी: गाडीत गणपती होता, चालवणारा माणूस दर संकष्टीला उपास करायचा, तरी तो मेला. सबब देव नाही. या घटनेवरून फार तर एवढं सिद्ध होतं की गाडीत चिकटवलेला गणपती ब्रेकचं काम करत नाही. त्यासाठी सनद घ्यायची गरज नव्हती. त्यांचा दुसरा मुद्दा असा, की आप्पा मरणाला भ्यालेत म्हणून देव देव करतात, म्हणून त्यांचं म्हणणं खोटं. अहो, घाबरलेल्या माणसाचं म्हणणं खरंही असू शकतं आणि धीट माणसाचं खोटंही. हे मी त्यांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, ‘वहिनी, म्हणजे तुम्ही त्यांच्या पार्टीच्या?’ दोनच पार्ट्या असतात, हे त्यांना कोर्टानं शिकवलेलं.

तो एक गणपती दोघांनीही वापरला. एकानं देव असल्याचा पुरावा म्हणून, दुसऱ्यानं नसल्याचा. आणि तो मेलेला माणूसही दोघांनी वापरला.

एके दिवशी दुपारी त्या दोस्तांच्या बायको आमच्याकडं आल्या. नवरा गेल्यापासून माग त्याच बघत होत्या. केसात सुताचे बारीक तंतू होते, मागावरून तशाच उठून आल्या असाव्यात. पाणी प्यायल्या आणि सरळ विषयाला हात घातला.

‘आक्का, तुम्ही लॉजिक शिकवतासा न्हवं?’

‘व्हय.’

‘मग त्या दोघास्नी सांगा काहीतरी. एक म्हणतोय, ते देवळात उतरले न्हाईत म्हणून गेले. दुसरा म्हणतोय, एवढा देव देव करूनबी गेले. माझ्या माणसाला मधी आणल्याबिगर त्यास्नी बोलायला येत न्हाय काय?’

‘देवळाशी थांबले होते का ते?’

‘कुठलं देऊळ? बोरगावातनं निघताना फोन केलता मला. माग बरे न्हाईत, सरळ घराकडं यायलोय म्हणाले.’

मी त्यांना म्हटलं, बोलते. आप्पांशी बोलून उपयोग नाही हे ठाऊक होतं, तरी बोलले. ते म्हणाले, ‘तिला दुःखात कळत न्हाय.’ वकिलांशी बोलले. ते म्हणाले, ‘त्यांचं दुःख हाच तर माझा मुद्दा आहे.’ दोघांनाही त्या बाईंचं म्हणणं ऐकायच्या आधीच समजलेलं होतं.

तेवढ्यात आमच्या भागातल्या एका वाचनमंडळाला परिसंवाद घ्यायची हुक्की आली. विषय, देव आहे की नाही. एका बाजूनं आप्पा, दुसऱ्या बाजूनं वकील, आणि मी लॉजिकची म्हणून अध्यक्ष. निकाल टाळ्यांवर. ज्या प्रश्नावर हजारो वर्षं माणसं डोकं खाजवत आली, त्याचा निकाल शाहापुरातल्या एका हॉलमध्ये चहाच्या आधी लागणार होता. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, बोलायचंच आहे तर माईकवर बोलावं.

आप्पांनी देवळाची हकिगत सांगितली. आता त्यात पायऱ्या होत्या, घंटा होती आणि गाडीत बसून घड्याळ बघणारे दोस्त होते. वकिलांनी गणपती, संकष्टी आणि रक्त सांगितलं. दोघांनाही सारख्याच टाळ्या पडल्या, आणि बऱ्याचशा त्याच हातांच्या.

अध्यक्षांनी शेवटी दोघांचंही छान झालं असं म्हणायची पद्धत असते. मी म्हटलं, ‘दोघांचंही वाईट झालं. एक माणूस वाचला एवढ्यावरून देव आहे असं ठरत नाही, आणि एक माणूस गेला एवढ्यावरून तो नाही असंही ठरत नाही. मलाही उत्तर माहीत नाही. पण हे उत्तर नव्हे, एवढं मला कळतं. आणि गाडी कुठल्याही देवळाशी थांबली नव्हती. जे घडलंच नाही, त्यावर काही सिद्ध करायचं असेल तर निदान मेलेल्या माणसाला त्यात घेऊ नका.’

आप्पा माझ्याकडं न बघता उपरण्याची घडी घालत बसले. तेव्हा बायकांच्या बाजूला मागं बसलेल्या दोस्तांच्या बायको उभ्या राहिल्या. त्या आल्या आहेत हे मला माहीत नव्हतं.

‘मला माईक नको,’ त्या म्हणाल्या. ‘आप्पा, तुमास्नी देवानं वाचवलं का न्हाय ते मला म्हाईत न्हाय. त्यांनी गाडी डावीकडं ओढली, म्हणून ट्रक त्यांच्या बाजूला आला. म्हणून तुम्ही हितं बसलायसा. एवढंच मला म्हाईत हाय.’

लॉजिकच्या हिशेबानं हाही निष्कर्ष कच्चा होता. माणूस अशा क्षणी कुणाला वाचवायला म्हणून स्टिअरिंग फिरवत नाही, जिकडं वाट दिसेल तिकडं फिरवतो. मला ते उभ्या उभ्या कळलं. तो दोष मी दाखवणार नव्हते, आजही दाखवणार नाही. त्या बाई त्यावरून कुणाला काही पटवायला निघाल्या नव्हत्या.

आप्पांनी उपरण्याची घडी मोडून पुन्हा घातली. एवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी शाल आणि नारळ घेऊन लगबगीनं पुढं आले. कसा कोण जाणे, त्यांना हा प्रसंग सत्काराचा वाटला. बाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, चपला घातल्या आणि गेल्या. आणि वकील माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, ‘बघितलंत वहिनी? शेवटी माझाच मुद्दा.’ पुढं त्यांनी कुठल्याशा अंकात लेखही लिहिला, एका विणकर भगिनीनं देवाला भरसभेत नाकारल्याचा. बाईंनी कुणालाच नाकारलं नव्हतं. ‘मला म्हाईत न्हाय’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या हॉलमध्ये कुणी बोललेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

आप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहून न बोलणं अवघड असतं. जाऊबाईंच्या मार्फत निरोप यायचे, ‘तिला म्हणावं, मोटर बंद कर.’ मी मोटर बंद करायचे.

काही महिन्यांनी मी माहेरी येळ्ळूरला गेले होते. तिथं एका देवळाचा कळस बसवायचा होता आणि पाहुणे म्हणून आप्पांना बोलावलं होतं. मी बायकांत मागं बसले. त्यांना मी दिसले नसावे. त्यांनी अपघाताची हकिगत सुरू केली आणि मी कान टवकारले. बोरगाव होतं, घाट होता, ट्रक होता, न फुटलेला गणपतीही होता. दोस्त मात्र नव्हते. ‘मी एकटाच गाडी चालवत यायलोतो,’ आप्पा सांगत होते. आप्पांना गाडी चालवता येत नाही. स्कूटरसुद्धा त्यांनी कधी धड चालवलेली नाही.

मी सत्यनारायणाच्या दिवशी काढलेल्या खोडीचा त्यांनी असा बंदोबस्त केला होता. शेजारी बसलेला का गेला, असं आता कुणी विचारू शकत नव्हतं, कारण शेजारी कुणी बसलेलंच नव्हतं. इतकं बिनचूक उत्तर मला माझ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं दिलेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईनं डोळ्याला पदर लावला.

पुढच्या रविवारी मी वडगावला गेले. माग चालू होते, म्हणून आम्ही मागल्या अंगणात बसलो. सांगावं की न सांगावं असं झालं होतं, पण मी सगळं सांगितलं. वाटलं, त्या चिडतील. मी चिडूनच आले होते.

त्यांनी ऐकून घेतलं. ‘एकटाच व्हतो म्हणाले?’

‘व्हय.’

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘सुटले म्हणायचे आमचे हे त्या भाषणातनं.’

मग चहा ठेवायला आत गेल्या. मला ते बरं झालं असं वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही. पण चहा घेताना मी ते त्यांना बोलून दाखवलं नाही.