लालबागच्या डंकासमोर रोटरी मशीन शिकताना

कणकवलीच्या डॉक्टरांनी माझा उजवा हात उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "दिवसभर करता काय तुम्ही?" टॅटू काढते म्हटल्यावर त्यांनी चष्माच काढून ठेवला. तेरा वर्षं मी कॉइल मशीन वापरतेय. जड, थरथरणारं, भुंग्यासारखं गुणगुणणारं. चार वर्षांपासून संध्याकाळ झाली की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, आता ती दुपारीच झोपायला लागली होती. "थरथर थांबवा, नाहीतर काम थांबवा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर शिकायचंही नाही. म्हणून ठरवलं, मुंबईला जायचं, रोटरीवर, म्हणजे कमी थरथरणाऱ्या मोटरच्या मशीनवर, काम करणाऱ्यांसमोर बसून ते मशीन चालवून पाहायचं. जमलं तर मशीन बदलायचं, नाही जमलं तर दुकानाला कुलूप. इतकी वर्षं मी रोटरीला "खेळणं" म्हणून हिणवत आले होते, हेही कबूल करून टाकते.

एप्रिलचा महिना, त्यामुळे बसचं तिकीट आठवडाभर आधी काढलं. सकाळी परळला उतरले ती अंग आंबवूनच. राहायला दादर पश्चिमेला लॉज घेतलं होतं. तुम्ही घेणार असाल तर रस्त्याकडेची खोली घेऊ नका, फुलबाजार पहाटेच जागा होतो. आंघोळ करून टॅक्सीने गिरगाव गाठलं. ठाकूरद्वारला मिसळ खाल्ली, वर पीयूष प्यायले आणि मगच धीर आला.

श्रीरंगचा स्टुडिओ खोताच्या वाडीच्या तोंडाशी, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. आमची ओळख फक्त फोनवरची. तिथे आधी वेळ घेऊनच जावं लागतं, आणि चपला जिन्यातच काढायच्या. चाळिशीतला शांत माणूस, घरात तीन पिढ्या वकिली, हा एकटाच सुईच्या नादी लागलेला. त्याने टेबलावर तीन रोटरी मशीन मांडली. पेनासारखी बारीक, आत छोटी मोटर, पुढे सुईचं काडतूस बसवायचं की झालं. मी एक हातात घेतलं आणि पहिल्यांदा वाटलं, चालू तरी आहे का हे?

आता कॉइलवाल्यांची खोड सांगते. आम्ही मशीन कानाने लावतो. स्क्रू पिळत जायचं, गुणगुण बरोबर सुरात आली की सुई बरोबर चालतेय. रेष ओढतानाही डोळ्यांआधी कान सांगतात. आणि हे रोटरी जवळजवळ मुकंच! मी व्होल्टेज वाढवत गेले. सात, आठ, साडेनऊ. तरी आवाज पुरेना, म्हणून हात दाबत गेले. सरावाच्या रबरी कातडीवर मारलेली माझी पहिली रेष कुणीतरी ब्लेडने चिरल्यासारखी आली. दुसरी त्याहून वाईट. सहावीला रबर आरपार फाटलं.

"माणसाची कातडी असती तर?" मी विचारलं.

"तर आपण आत्ता डॉक्टरकडे असतो," श्रीरंग म्हणाला. मग चहा पुढे सरकवत हळूच म्हणाला, "तुमचा हात उत्तम आहे हो. अडचण कानांची आहे. इथे शांतता आहे ना, त्यामुळे तुम्ही सारखा आवाज शोधताय. उद्या लालबागला माधवीताईंकडे जा. मी फोन करून ठेवतो."

त्या संध्याकाळी चौपाटीवर बसून मी रीतसर रडले. तेरा वर्षांचा हात, आणि शिकाऊ मुलीसारखं रबर फाडून आले होते. भेळ घेतली तीही अर्धी कावळ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी दादरहून लालबागला बसने गेले, तिकीट चहाच्या किमतीत. माधवीताईंचा पत्ता विचारावा लागत नाही, शिंका सुरू झाल्या की पोहोचलात म्हणून समजा. मसाल्याच्या गल्लीत, बरोबर डंकासमोर त्यांची खोली. डंक म्हणजे मिरच्या-मसाला कुटायची गिरणी, आणि हा तिचा ऐन सीझन. लोखंडी मुसळं धाडधाड आपटत असतात, बाहेर बायका भाजलेल्या मिरच्यांची पातेली घेऊन रांगेत. खिडक्या बंद करून एसी लावला तरी तो दणका आत येतोच.

ताई पन्नाशीच्या. वडील गिरणीत होते, मूळ गाव आमच्याच बाजूचं.

"श्रीरंगान माका फोन केल्यान. कॉइलवाली ना गो तू?"

"हो ताई."

"मीय तशीच होतंय. बस. ह्या डंकात तुका मशीन ऐकाक येवचा नाय, तेव्हा कान लावच नको. कातडी बघ."

त्यांनी व्होल्टेज सातवर आणून ठेवलं आणि परत हात लावायचा नाही म्हणून दम दिला. मी मशीन टेकवलं. मुसळांच्या दणक्यात खरंच काही ऐकू येईना. मग नाइलाजाने पाहायला लागले. डाव्या हाताने ताण दिलेलं रबर, त्यात बुडणारी सुई, मागे उमटणारी शाई. हात आपोआप सावकाश झाला, दाबणं सुटलं. तिसरी रेष सरळ आली. दहावी इतकी सरळ आली की मी मास्कमधून ओरडले!

जेवायला खालच्या खानावळीत बोंबील, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. भात दोनदा घेतला.

आमच्यात रीत आहे, नवीन मशीन आधी स्वतःच्या मांडीवर चालवायचं. नवं काडतूस लावून मी मांडीवर बोटभर रेष मारली. छान आली. मला वाटलं झालं. तर ताईंनी साडीचा काठ वर घेऊन पोटरी पुढे केली. तिच्यावर एकाखाली एक सोळा छोट्या रेघा. त्यांच्याकडे कॉइल सोडून रोटरीवर आलेल्या प्रत्येकाची एक. काही वाकड्या, एक तर चक्क पसरलेली.

"ही कुणाची?"

"श्रीरंगची. सांगू नको त्येका मी दाखवली म्हणून. आता तुझी. सतरावी."

स्वतःची मांडी वेगळी, ही बाई वेगळी. वाकडी गेली तर जन्मभर तिच्या पायावर राहणार. मी काडतूस बदललं, कातडी ताणली, श्वास सोडला आणि रेष ओढली. थांबले नाही, दाबली नाही. पुसून पाहिलं तर पट्टीने आखल्यासारखी! ताईंनी चष्मा लावला, पाय उजेडात धरला, डंकावरच्या बायकांना खिडकीतून हाका मारल्या. "बघा गो, आमच्या गावची!" दोघी मिरचीच्या हातांनी वर आल्या. मी शरमले आणि सुखावलेही, जास्त करून सुखावलेच.

नवं मशीन तिथूनच मागवून रात्रीच्या बसने परत निघाले. तुम्हीही कॉइलवाले असाल आणि बदलायचं असेल तर माझं ऐका, दुसऱ्याच्या मशीनवर दोन दिवस घाला, मगच विकत घ्या. आणि लालबागला जाताना रुमाल जास्त न्या.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. जुनं कॉइल पुसून कपाटात ठेवलंय, त्याच्यावर राग नाही. कधीकधी शांततेत चुकल्यासारखं वाटतं, एकदा हात व्होल्टेजकडे गेलाही होता. गेल्या रविवारी देवगडच्या एका बोटवाल्याच्या पाठीचं काम घेतलं. सकाळी दहाला बसलो. बारापर्यंत तो चक्क घोरायला लागला, माझ्या दुकानात हे पहिल्यांदाच घडलं. चारच्या सुमाराला जाग आल्यावर तो ओशाळून म्हणाला, "ताई, तुम्ही अजून चालूच? थांबूया काय? हात दुखत असतील."

"नाही दुखत," मी नेहमीसारखं म्हणून गेले. मग बोटं एकेक करून हलवून पाहिली. खरंच दुखत नव्हती, बधिरही झाली नव्हती.