न कापलेली पानं

दोन हजार तीन साली मी पुस्तक-परीक्षणांची वेबसाइट चालवायचो. रत्नागिरीत ती बघणारा मी एकटाच, म्हणून परीक्षणांच्या प्रिंट काढून वाचनालयाच्या फळ्यावर टाचायचो. एक रिक्षावाला खिशातला चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत त्या वाचायचा आणि नेमकं तेच पुस्तक घरी न्यायचा.

एकदा मी वाचनालयातल्याच एका कादंबरीचा शेवट ‘साफ फसलेला’ ठरवला. आठवड्याने रिक्षावाला ती परत करायला आला आणि त्याने मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "साहेब, शेवटची आठ पानं कापलेलीच नव्हती, वरनं जोडलेली. मी रिक्षाच्या चावीने फाडली. आता वाचून बघा, शेवट बरा हाय."

मी घाईने फळ्याकडे वळलो. माझं परीक्षण तिथे नव्हतं. त्याच्या खिशात, चष्म्यामागे, घडी घालून ठेवलेलं दिसलं.