प्रायमरवाल्याचं नाक

जयनगरात सायकली रंगवणारा एक माणूस होता. त्याच्या नाकाचा शेंडा कायम रंगलेला असे, कधी लाल, कधी राखाडी. त्याचं कारण मला माझी सायकल त्याच्याकडे नेल्यावर कळलं.

मला पिवळा रंग हवा होता. "पिवळ्याखाली लाल प्रायमर नको अक्का, सायकलीला ताप आल्यासारखा दिसेल," म्हणत त्याने घासलेल्या फ्रेमवर राखाडी प्रायमरचा पातळ हात मारला. मग थोड्या थोड्या वेळाने तो वाकून फ्रेमला नाक टेकवू लागला.

"बोट का लावत नाही?" मी विचारलं.

"बोटाला घाई असते, ते खोटं सांगतं. नाकाला कुठे जायचंय?"

मला मात्र दुसऱ्या दिवशी मैत्रिणींसमोर सायकल मिरवायची होती. तो समोर कॉफी प्यायला गेल्यावर मी इकडेतिकडे बघून हळूच फ्रेमला नाक टेकवलं. मला तरी कोरडं वाटलं.

तो आल्यावर मी ठसक्यात म्हटलं, "वाळलाय. मारा पिवळा."

त्याने फ्रेमकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खोबरेल तेलाचं फडकं पुढे केलं.

"स्वल्प राहिलाय, अक्का."

अजूनही कुणी घाईघाईने "झालं" म्हणालं, की मी आधी त्याचं नाक बघते.