उकळलेलं पाणी आणि लाल स्टिकर

दुसऱ्याची चूक शोधण्याचा मला पगार मिळत असे. सातिवलीच्या एका बादल्यांच्या कारखान्यात मी माल तपासायला होतो. बादलीत खोट दिसली की तिच्यावर लाल स्टिकर चिकटवायचं, एवढंच काम. (घरीही मी तेच करतो, असं बायकोचं म्हणणं.)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसई पूर्वेला नवाकोरा फ्लॅट घेतला होता, पाणी टँकरचं. आमचा चिन्मय तेव्हा सव्वा वर्षाचा. महिन्यात तिसऱ्यांदा त्याला जुलाब लागले. आमची वाळत घालायची दोरी लंगोटांनी भरली, मग शेजाऱ्यांची भरली आणि पोरगं मात्र सुकत चाललं. एका सकाळी तो रडला, तर डोळ्यांतून पाणीच येईना. त्याला उचलून आम्ही थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या. लिटरभर पाण्यात एक पुडी, घोट घोट पाजत राहायचं. अंगावरचं दूध आणि मऊ भात थांबवायचा नाही. पाणी उकळून गार केलेलं हवं आणि हात साबणाने धुतलेले. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही, तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल, असंही ते म्हणाले.

घरी येताच मी तपासणीला लागलो. (स्टिकरांचा गठ्ठा खिशात असायचाच!) दुधाची बाटली: लाल स्टिकर. खुळखुळा: लाल स्टिकर. मग नजर गेली सासूबाईंच्या वाटीवर. नातवाला मऊ भात त्याच भरवायच्या.

"आई, आजपासून तुम्ही भरवू नका," मी म्हणालो आणि वाटीलाही स्टिकर लावलं.

नुकतेच साबणाने धुतलेले हात त्यांनी पुन्हा एकदा धुतले. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाणी उकळायला स्वयंपाकघरात पळालो.

पाण्याचं खातं पहिल्यापासून माझंच. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नव्हता. घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायचं, मग गार करायचं. ते गार होत होतं, तेवढ्यात पाचूबंदरच्या मंदाताई मासळीची टोपली घेऊन दारात आल्या. मला नवा संशयित मिळाला! मी पापलेट दाबून पाहिलं, कल्ले उघडून पाहिले, वास घेतला. मंदाताई बघत होत्या. मध्येच पाण्याची आठवण झाली, म्हणून ‘वीस मिनिटं उकळलंय, बघून येतो’ म्हणत दारासमोरच्या स्वयंपाकघरात गेलो, पातेल्यात बोट बुडवलं आणि पुडी फोडायला घेतली.

"दादा," दारातून आवाज आला, "पानी एवढं उकळलंत, मग मासळीचं बोट त्यात कशाला बुडवलंत?"

"गार झालं का ते बघतोय."

"रोज असंच बघता?"

रोजच बघत होतो. टँकरचा पाइप धरून आलो की बघत होतो, चिन्मयचे लंगोट बदलून आलो की बघत होतो, आणि मागच्या दोन्ही खेपांना औषधाचं पाणीही असंच बघून त्याला पाजलं होतं. मला इतकी लाज वाटली, की पुडी हातातच राहिली.

ते पाणी ओतून दिलं. हात धुऊन नवं उकळलं, झाकून ठेवलं आणि या वेळी पातेल्याला फक्त बाहेरून हात लावला. दिवसभर आम्ही आळीपाळीने चमचा चमचा पाजत राहिलो. संध्याकाळी चमचा काढून घेतला म्हणून चिन्मय भोकाड पसरून रडला आणि त्याच्या गालांवर खरेखुरे अश्रू ओघळले. इतकं सुंदर रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बायकोही रडली, आणि माझ्याशी बोलली.

"आई, भात तुम्हीच भरवा. चुकलं माझं," मी म्हणालो.

सासूबाईंनी वाटीवरचं स्टिकर अलगद सोडवलं. माझा हात हातात घेतला आणि ते माझ्या बोटाला नीट गुंडाळून चिकटवलं.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत योग्य मालाला लागलेलं ते पहिलंच स्टिकर!