राखणदाराचं कार्ड

शरद गेल्याचा फोन गावातूनच आला. सांगणाऱ्याने थोडी हळहळ व्यक्त केली आणि शेवटी विचारलं, "भुतांची कार्डं करायचा, तोच ना?" होय, तोच. पण ती कार्डं कसली होती आणि त्यातलं एक कोणाचं होतं, हे गावाला ठाऊक नाही. मला आहे.

ऐंशीच्या दशकात एकाच गावचे आम्ही दोघे रत्नागिरीत एका खोलीत राहत होतो. तो सरकारी कचेरीत ट्रेसर, म्हणजे शाईने नकाशे उतरवणारा, मी कारकून. बोटीवरच्या मावसभावाने त्याला एका इंग्रजी खेळाचं पुस्तक आणून दिलं होतं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले वीर व्हायचं आणि वाटेत राक्षस भेटला की फासे टाकून लढायचं. रविवारी कचेरीतले आणखी दोघे येत. गोष्ट शरद सांगे. घोटाळा व्हायचा तो राक्षसांचा. कोणाचा जीव किती, म्हणजे किती मार खाऊन तो मरतो, चिलखत किती, घाव केवढा, हे सगळं पुस्तकात पानभर विखुरलेलं. तो पानं चाळी आणि आम्ही म्हणत असू, तोवर राक्षस म्हातारा होईल रे... मग त्याने एक्स-रेची जुनी फिल्म धुऊन तिच्यात खिडक्या कापल्या. वर नाव, खाली जीव, चिलखत, घाव आणि तळाला एक लांब खिडकी, राक्षसाच्या खोडीसाठी. फिल्म कोऱ्या कार्डावर ठेवायची आणि अक्षरांच्या साच्यातून शाईने लिहायचं. कार्ड कोणीही लिहो, सगळी एका हातची दिसली पाहिजेत, हा त्याचा हट्ट. इंग्रजी राक्षस संपल्यावर आम्ही आपली कोकणातली भुतं घेतली: खवीस, गिऱ्हा, चकवा.

राखणदाराचं कार्ड मी लिहिलं. जो देव गावाची सीमा राखतो आणि ज्याला आम्ही दरवर्षी नारळ देतो, त्या राखणदाराच्या जीवाच्या खिडकीत मी 'तीस' लिहून मोकळा झालो. शरद चिडला. "मेल्या, त्याचा जीव मोजतंस? तो मरायचा नाय. मान दिला की वाट सोडतो." त्याने आकड्यावर रेघ मारली आणि तळाच्या खिडकीत 'नारळ द्यावा' असं लिहिलं.

गणपतीला आम्ही दोघे गावी गेलो तेव्हा चुलतभावांना दाखवायला म्हणून त्याने कार्डांची पेटी नेली. रेघेखालचा आकडा वाचता येत होता. शरद राखणदाराला मारायचं काहीतरी करतो, अशी बोलवा झाली आणि गावकीची सभा बसली. हे लिहिलं कोणी, असं विचारलं. अक्षर साच्याचं, कोणाचं ते कोण ओळखणार? शरदने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"पेटी माझी आहे," तो म्हणाला. माफी माग म्हटल्यावर म्हणाला, "खेळाची माफी कसली?"

पुढच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्याच्या दारात गेली नाही. आमच्याकडे पालखी घरोघर जाते. दार वगळलं की ते घर गावाचं राहत नाही. त्याची आई ओटीचं ताट घेऊन उभी होती. पालखीचा दांडा माझ्या खांद्यावर होता आणि मी चालत राहिलो... शरद नंतर गावी गेला नाही. मला मात्र त्याने कधी टोमणाही मारला नाही. रविवारी बोलावत राहिला. मीच जाईनासा झालो.

आता काही जण सांगतात, जाऊ दे, मेलेल्याचं काय उकरतोस? मी जिवंतांचं उकरतो आहे. शरद भुतं पाळत नव्हता. आमच्यात राखणदाराचा मान राखला तो त्या एकट्याने. आकडा माझा होता.

दिवसकार्याला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी सांगितलं की गावात पालखी निघायच्या दिवशी तो दरवर्षी रत्नागिरीच्या घराचं अंगण झाडायचा आणि दार दिवसभर उघडं ठेवायचा. पालखी काय एसटीने येणार आहे, असं त्या चिडवत. तो म्हणे, "आली तर दार बंद नको."

येत्या शिमग्यात गावच्या माझ्या घराचंही अंगण झाडलेलं असेल. हे वाचून गावकीला पालखी माझ्या दारावरून पुढे न्यावीशी वाटली, तर खुशाल न्यावी. दार उघडंच असेल.